सासूच्या चपलेचा पिवळा डाग

"माझ्या सायलेन्सरवर आजवर एकाही बाईची चप्पल चिकटलेली नाही, आणि मी जिवंत असेपर्यंत चिकटणारही नाही!" कसुलेनं फणसाखालच्या थांब्यावर जाहीर केलं, आणि त्याच सायलेन्सरमध्ये तोंड बघून दात कोरायला घेतले.

"दातात काय अडकलंय?" बोसा म्हणाला. "कालची थाप का?"

थांब्यावरचे बाकीचे बोडावाले खिदळले. मोटारसायकलवर मागे उतारू बसवून गावभर पोचवायचं, हा सगळ्यांचाच धंदा. आणि या धंद्यात सायलेन्सर म्हणजे उतारूंच्या पायताणांचं संग्रहालय असतं. बोसाच्या सायलेन्सरवर शाळेच्या पोरांच्या निळ्या स्लिपरा होत्या, एका नर्सबाईच्या काळ्या टाचेचा तुकडा होता, आणि बरोबर मधोमध पाद्रीबाबांच्या बायकोचा लालभडक तळवा होता, जो बोसा नवीन गिऱ्हाइकाला बोट दाखवून दाखवायचा. त्या सगळ्या काळ्यानिळ्या गर्दीत कसुलेचा सायलेन्सर तेवढा चकचकीत. उतारू बसला की गाडीला किक मारायच्या आधी तो ओरडायचा, "पाय वर!" सवयच लागली होती. झोपेतसुद्धा ओरडायचा म्हणे.

"परवा माझं क्वांजुला आहे," कसुले म्हणाला. "सासुरवाडीला उजळ तोंडानं जायचं, तर गाडीसुद्धा उजळ पाहिजे."

"गाडी घेऊन जाणारेस होय मुलगी मागायला? मोटार ठरवलीस ना?"

"मोटारच आहे. पण मन म्हणून काही असतं की नाही?"

हे बोलून तासभर झाला नसेल, आणि बाजाराच्या रस्त्यावर एका बाईनं हात केला. अंगानं भारी, डोक्यावरून रुमाल कपाळापर्यंत ओढलेला, काखेत हे एवढं गाठोडं आणि पायात कोऱ्या करकरीत पिवळ्याधमक चपला.

"कुठं न्याबो?" त्यानं विचारलं. बाईमाणसाला मानानं न्याबोच म्हणायचं.

"बुलेगा."

खरं तर इथंच कसुलेला अक्कल यायला हवी होती. बुलेगा म्हणजे त्याची सासुरवाडी. पण त्यानं हिशेब असा केला की बुलेग्यात काय माझी सासू एकटीच राहते? शिवाय सासूला त्यानं कधी बघितलेलंच नव्हतं, तर ओळखणार कुठून. आपल्या या कंपालाकडच्या मुलखात जावयानं सासूच्या समोर यायचं नाही, तिच्याशी थेट बोलायचं नाही, आणि हात तर चुकूनसुद्धा लावायचा नाही. लागला तर ओबुको होतो. ओबुको म्हणजे थरथर. आधी बोटं, मग हात, मग मान. एकदा लागली की मरेपर्यंत सुटत नाही. कसुलेच्या चुलत आज्याला लागली होती. म्हातारा ताटातलं अर्धं कालवण शेजारच्याच्या ताटात सांडायचा, आणि सगळे म्हणायचे, बघा, तरुणपणी सासूला विहिरीवर घडा उचलून दिला होता. त्यामुळे कसुले सासुरवाडीला जायचा तेव्हा अंगणातच बसायचा, आणि सासू दाराआड गुडघे टेकून आतूनच ख्यालीखुशाली विचारायची. त्याला माहीत होता तो फक्त एक आवाज, तोही दारातून गाळून आलेला.

आणि गाडीवर, वाऱ्यात, डोक्यात हेल्मेट घालून कुणाचा आवाज कळतोय?

डाव्या अंगाला गाठोडं आलं म्हणून बाईनं उजव्या अंगाला पाय सोडले, सायलेन्सरच्या बाजूला. कसुलेला ते आवडलं नाही, पण तिनं एका हातानं त्याच्या कमरेला अशी मिठी मारली होती की बोलायला श्वास उरला नाही.

"हळू चालव रे पोरा," ती कानाशी ओरडली. "परवा माझ्या पोरीचं क्वांजुला आहे. हातपाय मोडून चालायचं नाही."

"अरे वा!" कसुलेला गंमत वाटली. या आठवड्यात सगळ्यांचीच क्वांजुला. हेल्मेटातून तो ओरडला, "जावई काय करतो?"

"वाहतुकीच्या धंद्यात आहे!"

हे शब्द त्याच्या ओळखीचे होते. जगात ते फक्त एकाच माणसानं वापरले होते, आणि तो माणूस आत्ता गाडी चालवत होता.

"मोठा माणूस आहे म्हणतात," बाई खुशीत बोलत होती. "मी अजून तोंड बघितलेलं नाही त्याचं. दाराआडून आवाज ऐकलाय तेवढा. आवाज मात्र गोड हो."

त्या गोड आवाजाच्या मालकानं हेल्मेटाची काच खाली ओढली. सासूबाई. सासूबाई त्याच्या मागे बसल्या होत्या. सासूबाईंचा हात त्याच्या पोटावर होता, पाचही बोटांनी, आणि प्रत्येक खड्ड्याला आणखी घट्ट होत होता.

थांबावं तर का थांबलास म्हणून विचारणार. उतरावं तर तोंड दिसणार. बोलावं तर आवाज. त्यानं नुसती मान खाली घातली आणि गाडी चालवत राहिला. मागून प्रश्न येत होते: गप्प का झालास, नाव काय, कुणाचा मुलगा. त्यानं घशातून बेडकासारखा एक आवाज काढला. बाईनं तो नाव म्हणून धरला असावा, कारण ती म्हणाली, "आमच्याकडे नाही असली नावं."

आणि दलदलीजवळच्या उतारावर तो गतिरोधक आला.

कसुले काही बोलणार नव्हता. त्यानं मनाशी पक्कं ठरवलं होतं. पण सवय म्हणजे सवय. गतिरोधक दिसला आणि तोंडातून खणखणीत, गोड, दाराआडून ऐकलेल्या त्याच आवाजात निघालं: "पाय वर, न्याबो!"



मग त्याच्या कमरेवरचा हात निखारा लागल्यासारखा सुटला. बाई मागच्या कॅरिअरला धरायला गेली, गाठोडं डुललं, गाडी गतिरोधकावरून उडाली, आणि वर जायचे ते पाय खाली आले. चर्र असा आवाज झाला. रबर जळाल्याचा वास दोघांच्याही नाकात एकदमच गेला.

"थांबव," मागून बारीक आवाज आला.

कसुलेनं गाडी थांबवली आणि डोळे मिटून घेतले. गाठोडं उतरल्याचं ऐकू आलं, मग एक पाय धड आणि एक लंगडा, असा चालण्याचा आवाज दूर दूर गेला. त्यानं डोळे उघडले तेव्हा रस्त्यावर एक गाय होती.

ओळखलं का? की नुसता चटका बसला म्हणून उतरली? त्याला काही कळेना. मग त्याची नजर हाताकडे गेली. हँडलवरचा उजवा हात थरथरत होता.

"मेलो," कसुले म्हणाला.

थोड्या वेळानं त्याच्या लक्षात आलं की इंजिन चालू आहे. त्यानं ते बंद केलं. थरथर कमी झाली. पण कमी झाली म्हणजे गेली असं नाही. त्यानं बोटं डोळ्यांसमोर धरून बघितली. करंगळी जरा हलत होती. करंगळी आधीपासून हलायची का, हे त्यानं आयुष्यात कधी बघून ठेवलं नव्हतं, आणि याचा त्याला आता फार पश्चात्ताप झाला.

आणि सायलेन्सर! त्यावर तळहाताएवढा पिवळाधमक डाग बसला होता, मधोमध चपलेच्या तळव्यावरचं पाच पाकळ्यांचं फूल. घाबरलेला माणूस पहिली गोष्ट चुकीची करतो, तसं कसुलेनं दलदलीतलं पाणी हेल्मेटात भरून आणलं आणि तापलेल्या नळीवर ओतलं. वाफेचा लोट उठला, आणि तो विरला तेव्हा फूल सरकारी शिक्क्यासारखं घट्ट आणि स्पष्ट उमटलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं गाडी थांब्याच्या मागे, फणसाच्या बुंध्याशी उजवी बाजू टेकवून लावली. बोसानं आल्याआल्या वाकून बघितलं. बोसाला कुणी काही लपवतंय म्हटलं की वाकूनच बघायची सवय.

"अगं बाई!" तो ओरडला. "एकाही बाईची नाही म्हणे! आणि ही काय, बुवाची?"

"हळू बोल."

"फूल पण आहे. लेका, लग्नाच्या आधीच बागकाम?"

"बोसा, पाया पडतो, हळू बोल."

बोसानं आवाज खाली आणला, पण बातमी मात्र वर काढली. "तुला कळलं का? एक म्हातारा सकाळपासून थांबे फिरतोय. हातात एक पिवळी चप्पल, तळवा वितळलेला. प्रत्येक गाडीपाशी बसतो, सायलेन्सरला चप्पल लावून बघतो. बाजारचा थांबा झाला, पेट्रोलपंपाचा झाला. दुपारी इकडे येतोय."

"कसला म्हातारा?" कसुलेनं विचारलं. उत्तर त्याला माहीत होतं.

"बुलेग्याचा आहे म्हणे, जुळ्यांचा बाप म्हणून सालोंगो म्हणतात. म्हणतो, उद्याच्या समारंभासाठी बायकोला नव्या चपला घेऊन दिल्या, आणि ती घरी आली अनवाणी, चपला हातात, पायाला चटका. कुठल्या गाडीवर बसलीस विचारलं तर बोलेना. इतक्या वर्षांच्या संसारात ती बाई पहिल्यांदा गप्प बसली, त्यानंच म्हातारा घाबरला. म्हणतो, काहीतरी भयंकर झालंय. त्या बोडावाल्याला धरून उद्या क्वांजुलात, सगळ्या कुळासमोर उभा करणार."

उद्याच्या क्वांजुलात कुळासमोर उभं राहायचं काम कसुलेला आधीच होतं. तिथंच, नवा पांढरा पायघोळ कांझू घालून, नकिट्टोचा हात मागायचा. आता कुळातले म्हातारे विचारणार, हाच का तो, सासूला कमरेला मिठी मारायला लावून गावभर फिरवणारा? नकिट्टो दाराच्या आतच राहील. दोन वर्षं तिच्या मागे हिंडून मिळवलेला होकार एका चपलेवर जाईल. आणि थरथर ती वेगळीच.

त्यानं करंगळी बघितली. हलत होती.

पहिल्यांदा त्यानं सुरी घेतली. पिवळं निघेना, सायलेन्सरवर मात्र ओरखडे उमटले, आणि फुलाला देठ आल्यासारखं दिसू लागलं. मग तारेची घासणी. मग रॉकेल. पानाच्या टपरीवाला म्हणाला, टूथपेस्ट लाव. ती लावल्यावर फुलाला पुदिन्याचा वास यायला लागला, बस. चेअरमन मुकीबी, थांब्याचा सगळ्यात जुना बोडावाला, लांबूनच म्हणाला, "नेलपॉलिश पुसायचं औषध लाव. रबर लोण्यासारखं सुटतं."

नेलपॉलिश पुसायचं औषध गावात एकाच ठिकाणी होतं. जिथं नकिट्टो बायकांच्या वेण्या घालायची, त्या दुकानात.

"तुला कशाला पाहिजे?" नकिट्टोनं हातातली वेणी न सोडता विचारलं. वेणीच्या दुसऱ्या टोकाला असलेली बाईसुद्धा वळून बघायला लागली.

"गाडीला."

"गाडीला नखं आहेत?"

"तसं नाही. एक डाग आहे."

"कुणाच्या ओठांचा?"

"ओठांचा नाही गं! चपलेचा."

"कुणाच्या चपलेचा?"

जगातल्या सगळ्या उत्तरांपैकी हे एकच उत्तर तिला देता येणार नव्हतं. कसुले बेडकासारखा आवाज काढून उभा राहिला. नकिट्टोनं बाटली त्याच्या अंगावर फेकली. "घे. आणि उद्या येताना तिलाही घेऊन ये, जी कोण असेल ती."

ती उद्या तिथं असणारच आहे, हे त्यानं गिळलं.

परत येऊन त्यानं विचार केला की रबर गरम असताना मऊ असतं. मग गाडी चालू ठेवून नळी चांगली तापवू आणि वरून औषध ओतू, म्हणजे दुहेरी काम. बाटली उपडी केली. भप्प असा आवाज झाला, निळी ज्वाळा उठली, कसुलेचं तोंड तिच्यातून गेलं आणि परत आलं.

"गाढवा!" मुकीबी धावत आला. "एकतर ताप, नाहीतर औषध! दोन्ही एकदम कोण करतं?"

बोसानं मूठभर माती टाकून आग विझवली आणि कसुलेच्या तोंडाकडे निरखून बघितलं. "फूल आहे तिथंच आहे," तो म्हणाला. "तुझ्या भुवया मात्र गेल्या."

कसुले फणसाला टेकून खाली बसला. हात आता उघड उघड थरथरत होते, दोन्ही. इंजिन बंद होतं. आता कशावर ढकलणार? त्याला चुलत आजोबा आठवला, ताटाबाहेर सांडलेलं कालवण आठवलं. पळून जावं, असं पहिल्यांदा मनात आलं. कंपालाला मामा आहे. तिथं कुणी सासूला ओळखत नाही. पण मग नकिट्टो?

इतक्यात नकिट्टोच आली. तरातरा. हातात केळीच्या पानात बांधलेली पुरचुंडी आणि लाकडी उलथनं, मटोके, म्हणजे शिजवलेली कच्ची केळी, घोटायचं असतं तसलं.

"आईचं डोकं फिरलंय," ती येतायेताच म्हणाली. "कालपासून खोलीतून बाहेर येत नाही. आत्ता शेजारच्या बाईबरोबर हे दुकानात पाठवलं. निरोप काय, तर गावातल्या कुठल्याही थांब्यावर कुणाच्या सायलेन्सरला रबर चिकटलं असेल तर त्याला दे. नळी कोमट कर, तापवू नको. लाकडानं ढकल, लोखंड लावू नको. मग राख आणि लिंबू. तिच्या पातेल्याला प्लास्टिकची पिशवी चिकटते तेव्हा ती असंच काढते." तिचं लक्ष त्याच्या तोंडाकडे गेलं. "भुवया कुठायत तुझ्या?"

"आणखी काय म्हणाली?" कसुलेनं विचारलं.

"म्हणाली, ज्याला देशील त्याला सांग, मी काही बघितलं नाही, काही ऐकलं नाही, आणि त्यानंही नाही. हे काय आहे?"

कसुलेला सगळं कळलं. म्हणजे ओळखलं होतं. त्या गतिरोधकावर दोघांनीही एकमेकांना ओळखलं होतं, आणि दोघंही तेव्हापासून आपापल्या कोपऱ्यात थरथरत होते. थेट बोलायची बंदी असलेल्या सासूनं जावयाशी राख आणि लिंबातून बोलणं केलं होतं. त्याला धीर यायला हवा होता. पण उलट आणखीच घाम फुटला. नकळत झालं असतं तर देवानं सोडून दिलं असतं. आता दोघं मिळून लपवतायत म्हटल्यावर तो का सोडेल?

"डाग कुणाचा, ते मी विचारणार आहे," नकिट्टो म्हणाली. "आज नाही. लग्न झाल्यावर. आयुष्यभर." आणि निघून गेली.

कसुलेनं गाडी जरा वेळ चालू केली, बंद केली, नळीवर हात लावून बघितला, जेवढी कोमट सोसवते तेवढी. मग उलथन्याच्या कडेनं ढकललं. पिवळं रबर सालासारखं वर आलं, पाकळीमागून पाकळी. बोसा बघत उभा होता. राख आणि लिंबू चोळल्यावर ओरखडेसुद्धा बरेच झाकले गेले. रबराची ती गुंडाळी कसुलेनं कुठं ठेवू कुठं ठेवू करत शेवटी तोंडात टाकली, चघळली, आणि गिळली.

"पुरावा खाल्लास?" बोसानं विचारलं.

"खाल्ला."

"चव कशी आहे?"

"लिंबाची."

घास खाली उतरतो न उतरतो तोच सालोंगो आला. उंच, काठीसारखा म्हातारा, एका हातात ती चप्पल मेलेल्या उंदरासारखी धरलेली, दुसऱ्यात काठी. जावयाकडे त्याचं लक्ष नव्हतं. तो थेट गाड्यांच्या रांगेत शिरला, एकेका सायलेन्सरपाशी उकिडवा बसू लागला, चप्पल लावून बघू लागला. थांब्यावरचे एवढे दांडगे बोडावाले, पण प्रत्येकजण आपापल्या सायलेन्सरवरच्या डागांचा खुलासा द्यायला लागला. हा माझ्या आईचा, हा सरकारी माणसाचा, हा मी गाडी घेतली तेव्हापासून होता.

बोसाच्या गाडीपाशी सालोंगो थांबला. पाद्रीबाबांच्या बायकोच्या लाल तळव्याखाली जुनं, पिवळट काहीतरी होतं.

"हे काय?"

"हे... हे लाल आहे बाबा."

"खालचं पिवळं आहे."

"ते वर्षापूर्वीचं आहे! केळीवाल्या बाईचं!" बोसा मागे सरकला. सालोंगोनं काठी उचलली. "मला काय बघता? त्या कसुलेला विचारा! सकाळपासून घासतोय तो, विचारा का घासतोय!"

सालोंगो वळला. कसुलेला वाटलं, संपलं.

"जावईबापू? तुम्ही? इथं?" म्हातारा जवळ आला. "आणि भुवया कुठं गेल्या?"

"वाहतुकीचा धंदा बघायला आलो होतो," कसुलेच्या तोंडून निघालं. "म्हणजे... गाडी साफ करत होतो. उद्यासाठी. तुमच्या घराला शोभेल अशी. करता करता जरा भडका उडाला."

सालोंगो सायलेन्सरपाशी बसला. चप्पल लावून बघितली. नाक लावून वास घेतला. तोंडाला लिंबाचा वास येऊ नये म्हणून कसुलेनं ओठ आवळून धरले.

"लिंबू," सालोंगो म्हणाला. मग उठला, आणि त्याचे डोळे पाणावले. "माझ्या घरी येण्यासाठी या पोरानं भुवया जाळून घेतल्या! आणि तुम्ही हरामखोरांनो, तुमचे सायलेन्सर बघा. मोरी बरी!" त्यानं कसुलेच्या खांद्यावर हात ठेवला. "अंग थरथरतंय तुमचं. आनंदानं होतं असं. आमच्या नालोंगोचंही, जुळ्यांच्या आईचंही, तेच चाललंय, कालपासून नुसती थरथरतेय बिचारी. लग्नघर म्हटलं की व्हायचंच."

तीही थरथरतेय. कसुलेनं करंगळी मुठीत दाबली.

"मला घरी सोडा," म्हातारा मागे बसला. "मंडप कसा लागलाय तेही बघा."

"पण तिथं... नालोंगो..."

"ती आत आहे, दार लावून. तुम्ही अंगणाच्या कडेला थांबा."

नाही म्हणायला कारण सापडेना. कसुले अख्खा रस्ता बैलगाडीच्या वेगानं गेला, आणि दलदलीजवळच्या गतिरोधकावर तर उतरून गाडी ढकलली. सालोंगोनं या जपणुकीचंही कौतुक केलं.

अंगणात मंडप उभा राहत होता. कुळातले वडीलधारे झाडाखाली बसून उद्याच्या कामांची वाटणी करत होते, आणि घरामागे बायका मटोकेसाठी केळी सोलत होत्या. कसुलेनं गाडी फाटकापाशी थांबवली आणि मान खाली घातली. एवढं एक झालं, की सुटलो.

पण गाडीचा आवाज ऐकून नालोंगोला वाटलं, नवरा त्या बोडावाल्याला धरून घेऊन आला. जावयाचं तोंड नजरेस पडू नये म्हणून ती दार उघडून घरामागे लपायला पळाली. कसुलेला तिरप्या नजरेनं पिवळा रुमाल दिसला. जावयानं सासू दिसली तर दुसऱ्या वाटेनं निघून जायचं असतं. त्यानं गाडी टाकली आणि घराच्या डावीकडून पळत सुटला.

नालोंगो उजवीकडून पळत होती.

घराच्या मागे, सोललेल्या केळ्यांच्या टोपल्यांपाशी, कुळातल्या सगळ्या बायकांच्या देखत दोघांची टक्कर झाली, आणि कसुले खाली पडला तो सासूच्या मांडीवर.